गाडीची काच तडकली आणि डीलर म्हणाला, "आधीचीच असेल!" अशा वेळी काय करायचं?



या विषयावर व्हिडिओ केला तेव्हा हिशेबाचा भाग घाईत उरकला. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी माझी कार डीलरच्या वर्कशॉपला सर्व्हिसिंगसाठी दिली. संध्याकाळी घ्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या ठिकाणी बचत गटाच्या महिलांची बॅच होती, त्यामुळे डोक्यात घाई. बिल भरलं, गेटपास घेतला, सीटवर बसलो आणि समोर बघतो तर काय, काचेला खालून वर वीतभर तडा!

सर्व्हिस ॲडव्हायझरला बोलावलं. त्याने काचेकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "सर, आधीचीच असेल. रस्त्यात खडा लागला असेल, तुमच्या लक्षात आलं नसेल."

खरं सांगतो, माझा आवाज चढला. दहा मिनिटं मी ओरडत होतो आणि तो शांतपणे तेच वाक्य परत परत म्हणत होता. दहा मिनिटांनी काच तेवढीच तडकलेली होती, फक्त माझं डोकं जास्त तडकलं होतं.

या प्रकरणातून माझं एक मत पक्कं झालंय. "चूक कोणाची?" यावर भांडू नका. "वस्तू कोणाच्या ताब्यात होती आणि ताबा घेताना काय लिहिलं होतं?" एवढंच विचारा.

चुकीवर भांडण का संपत नाही, ते बघा. कारची समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. त्यामुळे ती फुटून अंगावर सांडत नाही, तिला तडा जातो. कधी खड्याने बारीक टवका उडालेला असतो आणि आपल्याला दिसत नाही. मग उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तोच टवका पसरून तडा होतो. म्हणजे ॲडव्हायझर म्हणतो ते अगदीच अशक्य नव्हतं. पण गाडी धुतली कुठे? त्यांच्याकडेच. काच नक्की कशाने तडकली, हे मला आजही माहीत नाही. त्यालाही माहीत नसणार. जे दोघांनाही माहीत नाही त्यावर रात्रभर भांडता येतं.

म्हणून मी शांत झालो आणि जॉब कार्ड मागितलं. गाडी घेताना त्यावर गाडीचं चित्र असतं आणि आधीचे ओरखडे, पोचे त्यावर खुणा करून ठेवतात. माझ्या कार्डावर मागच्या बंपरवरचा बोटभर ओरखडा व्यवस्थित नोंदवलेला होता. काचेवर एकही खूण नव्हती. मी एवढंच विचारलं, "ज्या माणसाला मागचा बोटभर ओरखडा दिसला, त्याला समोरचा वीतभर तडा दिसला नाही का?"

ॲडव्हायझर गप्प. मॅनेजर बाहेर आला.

गोड बोलून दिलेला महागडा पर्याय

मॅनेजर एकदम सज्जन माणूस. म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. इन्शुरन्समध्ये टाकू. काच साडेआठ हजारांची आहे, तुम्हाला फक्त एक हजार भरावे लागतील."

इथे बरेच जण लगेच हो म्हणतात. तो खोटं बोलत नव्हता. काचेच्या भागांवर विमा कंपनी सहसा घसारा कापत नाही आणि १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून सक्तीचे १,००० रुपये जातात. (तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळतच नाहीत, हेही लक्षात ठेवा.)

पण त्याने नो क्लेम बोनसचं नाव काढलं नाही. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षानंतर आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर सूट मिळते: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. क्लेम केला की पुन्हा शून्य.

माझी सूट ३५ टक्क्यांवर होती. सूट धरण्याआधीचा प्रीमियम ९,००० रुपये. तो तेवढाच राहील असं धरून मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला.

पहिल्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी शून्य, म्हणजे ४,०५० रुपये गेले. दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे २,७००. तिसऱ्या वर्षी ५० ऐवजी २५, म्हणजे २,२५०. झाले ९,०००. त्यात क्लेमचे १,००० मिळवा. एकूण १०,०००!

साडेआठ हजारांची काच "फुकटात" बसवून घेण्यासाठी मी तीन वर्षांत दहा हजार मोजणार होतो, आणि तेही तडा त्यांच्या ताब्यात गेलेला असताना. पॉलिसीत बोनस टिकवणारं ॲड-ऑन असेल तर हे गणित बदलतं, पण माझ्याकडे ते नव्हतं. धंदा करणाऱ्या माणसाने "आत्ता खिशातून किती जातील?" एवढंच विचारून चालत नाही. "एकूण किती जातील?" हे विचारलं पाहिजे.

मी नाही म्हटलं. गेटपासवर तड्याची नोंद करून घेतली, फोटो काढले आणि गाडी तिथेच ठेवली. गाडी एकदा गेटबाहेर गेली की तुमची बाजू लंगडी पडते.

रात्री ईमेल लिहिला. जॉब कार्ड नंबर, तारीख, फोटो, मला काय हवंय आणि कधीपर्यंत. रागाचं एकही वाक्य नाही. शेवटी एवढंच लिहिलं की सात दिवसांत निर्णय झाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन.

तिसऱ्या दिवशी फोन आला. काच त्यांनी त्यांच्या खर्चाने बसवून दिली. बॅचसाठी केलेल्या टॅक्सीचे १,४०० रुपये मात्र मिळाले नाहीत. ते मी सोडून दिले. प्रत्येक रुपयासाठी लढत बसलो तर दुकान कोण बघणार?

आता खरी गोष्ट

माझं मिक्सर-पंखे विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. या प्रकरणाच्या दोन आठवडे आधी एक काकू दुरुस्तीला दिलेला मिक्सर न्यायला आल्या होत्या. भांड्याच्या झाकणाला चीर होती. त्या म्हणाल्या, "ही नव्हती रे." आणि मी काउंटरवरून काय म्हणालो असेन?

"काकू, आधीचीच असेल."

तेच वाक्य. मीही झाकणाकडे नीट बघितलं नव्हतं. काकू काही न बोलता पैसे देऊन गेल्या. त्यांच्याकडे ना जॉब कार्ड, ना ईमेल. माझ्या पावतीवर फक्त "मिक्सर १" लिहिलेलं.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी आपण घ्यायची. हा नियम मोठ्या शोरूमला लागू आहे, तसाच माझ्या दहा बाय बाराच्या दुकानालाही. टेलर, मोबाइल दुरुस्तीवाले, ड्रायक्लीनर, गॅरेजवाले, सगळ्यांना.

गाडी घरी आली त्याच दिवशी नवीन झाकण घेऊन काकूंकडे गेलो. झाकण किरकोळ पैशांचं. पण त्या दारातच म्हणाल्या, "मी दुसरा दुकानदार शोधला होता बरं का."

म्हणून आता आमच्याकडे तीन गोष्टी पक्क्या आहेत. तुम्हीही उद्यापासून करा:

१. वस्तू घेताना गिऱ्हाइकासमोर फोटो काढा आणि दोष पावतीवर लिहा. "झाकणाला चीर, वायर जुनी" एवढं पुरे.

२. परत देताना पैसे घेण्याआधी वस्तू गिऱ्हाइकाला दाखवा.

३. नोंद नसेल तर चूक आपली धरा आणि भरून द्या.

तिसऱ्या मुद्द्यावर माझ्या भावाने कपाळाला हात लावला. म्हणाला, लोक फायदा घेतील. घेतील एखादवेळेस. पण नोंद करणं आपल्या हातात होतं, ते आपण केलं नाही, तर त्याची किंमत गिऱ्हाइकाने का मोजायची?

तुमच्या काउंटरवरची शेवटची पावती काढून बघा. त्यावर "मिक्सर १" एवढंच लिहिलंय का?

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, गिऱ्हाईक जपा!