नाईलचे पाणी आणि वही तपासणारे जनुक

इजिप्त, म्हणजे आपल्या बोलण्यातला मिस्र. तिथे नाईलच्या कालव्यांकाठी एक काळ असा होता, की वाढत्या वयाच्या मुलाच्या लघवीत रक्त दिसले तरी घरात फारसे कोणी घाबरत नसे. शेजारच्या मुलालाही तेच होई, मग घाबरायचे कशाला? त्यातलीच काही मुले पुढे चाळिशी-पन्नाशीत मूत्राशयाचा कर्करोग घेऊन इस्पितळात येत.

या रक्ताचे मूळ १८५१ मध्ये कैरोत थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना सापडले: शिरांमध्ये राहणारा एक बारीक जंत. त्याची पिल्ले गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. शेताला पाणी देणारा बाप, कपडे धुणारी आई, डुंबणारी पोरे, सगळेच त्याच पाण्यात. मादीची काही अंडी लघवीवाटे बाहेर पडतात, बाकीची मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींमध्येही ही अंडी सापडली आहेत.

अंड्यातून कर्करोग कसा होतो, हे आम्ही वर्गातल्या वहीवरून समजावतो. पेशी दुभंगते तेव्हा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो, आणि उतरवताना चुका होतात. पी-५३ नावाचे जनुक वही तपासणाऱ्या शिक्षकासारखे असते. चूक दिसली की ते पेशीला थांबवते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीलाच संपवते. पी-१६ हे दुसरे जनुक पेशीला भराभर दुभंगू देत नाही. अंड्यांभोवती वर्षानुवर्षे सूज राहते, जखम भरते, पुन्हा होते, म्हणजे उतरवणे सतत चालूच. त्यात सुजेतून निघणारा नायट्रिक ऑक्साईड आणि जंतुसंसर्गामुळे लघवीत तयार होणारी नायट्रोसामाइन्स मजकूरच खराब करतात. एक दिवस चूक नेमकी तपासनिसाच्याच पानावर होते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही निकामी झाल्या की पेशीला अडवणारे कोणी उरत नाही.

प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी जंत मरतो. बिघडलेले जनुक मात्र गोळीने सुधारत नाही. म्हणून इजिप्तने पुढे शाळकरी मुलांनाच गोळ्या द्यायला सुरुवात केली. हे वाचून आम्हाला फार बरे वाटले होते.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा असाच जंतविकार आढळल्याची नोंद १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. आज आपल्या घरांत लघवीत रक्त दिसले तर कारण बहुधा दुसरेच निघेल, मुतखडा, संसर्ग किंवा तंबाखूमुळे होणारा मूत्राशयाचा कर्करोग. पुरुष ते उन्हाळी लागली म्हणून सोडून देतात. बायका तर सांगतच नाहीत. न दुखता एकदाच रक्त गेले आणि थांबले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.