तोरणमाळचा जुना तट

वडील माणसें काशीरामेश्वरास गेलीं तर ती यात्रा, आणि तरुण नवराबायको पाठीवर बोचकें टाकून डोंगरांत गेलीं तर ती भटकंती, असा आमच्या घरोघरीं एक अलिखित कोश आहे. आमच्या कनिष्ठ बंधूंचा मुलगा व त्याची पत्नी यांनीं गेल्या माघांत सातपुड्यांतील तोरणमाळचा जुना तट पायीं जाऊन पाहण्याचा बेत केला, तेव्हां हा कोश घरांत तीन दिवस उघडा होता. पुतण्याच्या जाण्यास कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती सूनबाईच्या जाण्यास. "रानांत रात्र पडली म्हणजे काय करशील?" असें आमच्या थोरल्या वहिनींनीं विचारिलें. "काकू, रात्र पडली तर झोपूं," असें तिनें सांगितलें. या उत्तरानें वाद मिटला नाहीं, हें सांगणें नलगे. शेवटीं आम्हीच मध्यें पडलों व दोघांना निरोप दिला.

तोरणमाळ हें नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यांतील, समुद्रसपाटीपासून सुमारें १,१५० मीटर उंचीचें पठार. हा जिल्हा १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा निघाला. त्यापूर्वीं आम्ही वर्गांत त्याचा भूगोल धुळें जिल्ह्यांतच शिकवीत असूं. शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांची सडक म्हसावदवरून थेट माथ्यापर्यंत जाते. गाडींत बसून वर जावें, तलावावर भजीं खावींत आणि सायंकाळीं परत फिरावें, असा बहुतेकांचा क्रम आहे. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु ज्यास तट पाहावयाचा आहे त्याला तो गाडीच्या खिडकींतून दिसत नाहीं.

ह्या तटाविषयीं एक कथा आमच्या संग्रहीं आहे, ती वाचकांस आवडेल. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश-खंड १८८० सालीं प्रसिद्ध झाला. तुरणमाळचा राजा युवनाश्व हा पांडवांशीं लढला, आणि हें महाभारतांत आहे, असें त्यांत नमूद आहे. आतां वनपर्वांतला युवनाश्व आम्हांस चांगला परिचयाचा. तो इक्ष्वाकुकुळांतला निपुत्रिक राजा. रात्रीं तहानेनें व्याकुळ होऊन तो आश्रमांत शिरला. राणीस पुत्र व्हावा म्हणून ऋषींनीं मंत्रून ठेविलेल्या कलशांतलें पाणी त्यानें नकळत पिऊन टाकिलें, आणि त्याच्याच कुशींतून मांधाता जन्मास आला. हा पांडवांच्या कितीतरी पिढ्या आधींचा. तो त्यांच्याशीं लढणार कसा? आमच्या मतें येथें घोटाळा झाला तो जैमिनीच्या अश्वमेधामुळें. त्यांत यौवनाश्व नांवाचा राजा असून त्याचा घोडा आणावयास भीम भद्रावतीस जातो. ती भद्रावती म्हणजे आमचेंच गांव, असें चांद्याकडील लोक म्हणतात. तात्पर्य, राजा एक आणि दावेदार दोन! तथापि मांधात्याच्या नांवाचें बेट, म्हणजे ओंकारेश्वर, त्याच नर्मदेंत आहे आणि सातपुडा तिच्या दक्षिणेस पसरलेला आहे. तेव्हां डोंगरांतल्या लोकांनीं मांधात्याच्या बापाला आपल्या गडावर बसविलें, यांत नवल तें काय?

गंमत अशी कीं, पुतण्यास व सूनबाईस ही कथा पायानें वाचावी लागली. पायथ्यापासून सडक सोडून ती दोघें पायवाटेनें निघालीं. प्रत्येकापाशीं दोन लिटर पाणी होतें, आणि ऊन चढण्याच्या आंत आपण माथ्यावर असूं, असा हिशेब होता. मध्यें दोन घळी लागल्या. त्यांपैकीं भलत्याच घळींत शिरल्यानें दोन तास व्यर्थ गेले, आणि बाराच्या सुमारास पाणी संपलें. सागाची पानें गळून गेलेलीं, सावली कोठें नाहीं, दगड तापलेले. "युवनाश्वानें कलश कां उचलला तें मला तेथें कळलें," असें सूनबाईनें परत आल्यावर आम्हांस सांगितलें.

त्यांस वाट दाखविली ती एका पावरा बाईनें. महाशिवरात्रीस तोरणमाळीं गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राप्रमाणेंच मध्यप्रदेशांतून व गुजरातेंतून भिल्ल, पावरा लोक नवस फेडावयास येतात, आणि त्यांतले कित्येक अनवाणी चालत येतात. ही बाई त्यांतलीच. कडेवर मूल, डोक्यावर शिदोरीचें गाठोडें, पायांत कांहीं नाहीं. तिनें आपल्या जवळचें पाणी दिलें, आणि पुढें चालूं लागली; ती दोघें तिच्या मागोमाग. तिला कोणी साहसी म्हणत नाहीं, आणि तिची छायाचित्रेंही कोणी काढीत नाहीं. हें वहिनींस सांगितलें तेव्हां त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग एवढेंच म्हणाल्या, "मूल कडेवर घेऊन?"

आतां तटाकडे वळूं. भिंतीचे पडके भाग, मधून मधून रचलेले दगड, त्यांतून वर आलेलीं झाडें, असें त्याचें रूप. राजवाडे, कोरीव कमानी, असें ज्यांच्या मनांत आहे त्यांनीं मांडूस जावें. परंतु सूनबाई इतिहास शिकविते. ती तटावरून आंत पाहूं लागली, तों हल्लीं ज्यास यशवंत तलाव म्हणतात तें विस्तीर्ण पाणी पठारावर दिसलें, आणि एवढ्या उंचीवर माणसांनीं दगड कां वाहिले असतील, याचा तिला उलगडा झाला. खालीं उन्हाळ्यांत ओढे आटतात. वर तळें भरलेलें. ज्याच्या हातीं पाणी, त्याच्या हातीं डोंगर. हा तिचा तर्क आहे, पुराव्यानें सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु आम्हीं वर्गांत शिकविलेल्या सनावळ्यांपेक्षां आम्हांस तो अधिक पटला. किल्ल्याची माहिती लिहितांना आम्ही मास्तरलोक आधीं राजा शोधितों आणि मग टांकें. क्रम उलटा असावयास हवा.

तटावरचा एकही दगड तिनें घरीं आणिला नाहीं, हें विशेष. पुतण्यानें एक उचलला होता, तो तिनें परत ठेवावयास लाविला.

ज्या कोणास जावयाचें असेल त्यानें पायथ्याच्या गांवांतला माहितगार सोबत घ्यावा, त्याची मजुरी आधींच ठरवावी आणि ती पुरती द्यावी. माणशीं चार लिटरांहून कमी पाणी नेऊं नये. पावसाळ्यांत सीताखाईचें पडतें पाणी पाहावयास पुष्कळ मंडळी जातात आणि तें पाहण्यासारखें आहेच. तटासाठीं मात्र मार्गशीर्षानंतर निघावें. तोंवर गवत वाळलेलें असतें व दगड दिसूं लागतात.