टायरची झीज आणि झाकलेला हिशेब

दोन टन वजनाच्या, शर्यतीच्या मोटारीचा वेग आणि जीपगाडीची उंची असलेल्या एखाद्या आलिशान एसयूव्हीचे टायर वीस-पंचवीस हजार किलोमीटरांत गोटा झाले, तर त्याची चिंता समाजवादी कार्यकर्त्याने का वाहावी? गाडी ज्याची, टायर त्याचे, झीजही त्याचीच. चार टायरांना लाखभर रुपये मोजण्याची ज्याची ऐपत आहे, त्याला ते मोजू द्यावेत. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो आणि चळवळीतील अनेकांना तो पटतोही. परंतु त्याच्या पोटात बाजारपेठेची एक जुनी लबाडी दडलेली आहे. वस्तूची किंमत ठळक अक्षरांत सांगावयाची आणि वस्तूचे आयुष्य मात्र झाकून ठेवावयाचे, ही ती लबाडी होय. जी लबाडी श्रीमंताच्या गाडीवर चालते, तीच रिक्षावाल्याच्या टायरावरही चालते.

प्रथम तंत्राची बाजू. मोटारीच्या नव्या टायरावर नक्षीची खोली साधारण आठ मिलिमीटर असते. ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद समजावयाचा. म्हणजे ग्राहक वापरण्यासाठी विकत घेतो ते जेमतेम ६.४ मिलिमीटर रबर. खालचा दहा-बारा किलोंचा रबर, पोलादी तारा आणि कापड यांचा सांगाडा ही केवळ त्या थराची बैठक. टिकाऊपणासाठी बनवलेला साधा टायर ६४ हजार किलोमीटर चालला, तर एक मिलिमीटर झिजण्यास दहा हजार किलोमीटर लागतात. वेगवान एसयूव्हीचा 'परफॉर्मन्स' टायर २४ हजारांत संपला, तर तेवढीच झीज पावणेचार हजारांत उरकते.

मऊ रबर रस्ता घट्ट धरते आणि लवकर झिजते. ही पदार्थाची अडचण आहे; तिच्यासाठी कारखानदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे पोरकटपणाचे ठरेल. प्रश्न निराळा आहे. इतके मऊ रबर इतक्या जड गाडीखाली घालण्याची गरज कोणी निर्माण केली? एसयूव्हीची उंची दिमाख म्हणून विकली जाते. उंचीमुळे गाडीचा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी रुंद टायर, कडक बाजू आणि वरच्या अंगाने किंचित आत झुकवलेली चाके येतात. मग टायराची आतली कड आधी झिजते. बाहेरून नक्षी शाबूत दिसत असताना आतल्या बाजूला तारा उघड्या पडलेल्या असतात आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पोर्शे मकानसारख्या गाडीत १९ इंची चाकांवर पुढचे टायर २३५ मिलिमीटर रुंद, तर मागचे २५५. साध्या मोटारीत पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून झीज वाटून घेता येते. येथे ती सोयही बंद. काही कंपन्यांचे अमेरिकेतील हमीपत्र तर स्पष्टच बजावते, की मागच्या टायरांचे माप वेगळे असेल तर त्यांच्या किलोमीटरांची हमी निम्मी धरावी. कारखानदाराला झिजेचा अंदाज नसतो, असे ज्यांना वाटते त्यांनी ही तळटीप वाचावी.

त्यातच गाडीच्या कंपनीची खूण असलेलेच टायर घ्यावेत, असा आग्रह असतो. पोर्शेसाठी 'एन' हे अक्षर, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी. त्यामागे तांत्रिक कारणे नसतात असे नव्हे. परंतु खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या व्यवस्थेत ग्राहक एका चिन्हाच्या दावणीला कसा बांधला जातो, याचा हा नमुनेदार दाखला होय.

टायर किती चालेल हे सांगणे अशक्य आहे, कारण रस्ते निराळे, चालक निराळे, हवामान निराळे, असे उत्तर नेहमी दिले जाते. या उत्तराचा इतिहास अमेरिकेत पाहावयास मिळतो. राल्फ नेडर यांनी मोटार-उद्योगावर उठवलेल्या टीकेच्या झोडीनंतर १९६६ साली तेथे वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. टायरांची प्रत ठरवणारी एकसमान पद्धत दोन वर्षांत तयार करावी, असा आदेश त्या कायद्यातच होता. दोन वर्षांचे काम रेंगाळत गेले. उत्पादकांनी न्यायालयात धाव घेतली आणि प्रतवारी बाजारात उतरेपर्यंत सत्तरीचे दशक संपत आले. पद्धत तशी सोपी होती. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाभोवती ६४० किलोमीटरांचा फेरा आखून त्यावर मोटारी ताफ्याने चालवावयाच्या, सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर झाल्यावर झीज मोजावयाची आणि ठरलेल्या टायराच्या शंभर गुणांशी ती ताडून पाहावयाची. दोनशे गुण म्हणजे त्या रस्त्यावर दुप्पट आयुष्य. रस्ता एक, ताफा एक, हवा एक; 'सारे काही निराळे' या सबबीला येथे जागा उरली नाही.

मग काय घडले? १९८३ साली, रेगन यांच्या कारकिर्दीत, सरकारी यंत्रणेने झिजेची प्रतवारीच स्थगित केली. मोजमाप पुरेसे भरवशाचे नाही, असे कारण देण्यात आले. मोजमापात दोष होते हे खरेच; परंतु तराजू चुकतो म्हणून तराजूच फेकून द्यावयाचा, हा न्याय कोणत्या दुकानात चालतो? नेडर यांनी स्थापन केलेली 'पब्लिक सिटिझन' ही संस्था न्यायालयात गेली आणि १९८४ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही स्थगिती मनमानी ठरवून रद्द केली. ही प्रतवारी अमेरिकेत आजही टायराच्या बाजूवर कोरलेली असते. तिच्यात उणिवा आहेत. आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते आणि त्यावरून किलोमीटर काढता येत नाहीत. तरीही दोनशे-तीनशे गुणांचा परफॉर्मन्स टायर आणि पाचशेच्या पुढचा साधा टायर यांतील अंतर ग्राहकाला दिसते. लढा दिला नसता तर तेही दिसले नसते.

या झाकपाकीवर एकदा धंद्याच्या आतूनच प्रकाश पडला. टायर १.६ ऐवजी ३ मिलिमीटरवरच बदलावेत, असा प्रचार युरोपात चालतो. २०१७ साली मिशेलिन या फ्रेंच कंपनीने पुढे केलेल्या पाहणीत असा हिशेब मांडला गेला, की तसे केल्यास युरोपात दरवर्षी १२ कोटी ८० लाख टायर जादा लागतील आणि ग्राहकांवर ६९० कोटी युरोंचा बोजा पडेल. मिशेलिनचा हृदयपालट झाला होता असे समजण्याचे कारण नाही. झिजल्यावरही आपला टायर चांगला चालतो, हे तिला विकावयाचे होते. भांडवलदार एकमेकांशी भांडतात तेव्हा चुकून खरे आकडे बाहेर पडतात, एवढेच.

आता 'झीज त्याचीच' या मुद्द्याकडे. झिजलेले रबर नाहीसे होत नाही. ते धूळ होऊन हवेत, गटारात आणि नदीत जाते. २०१७ च्याच एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ही धूळ जगात दरवर्षी माणशी सरासरी ०.८१ किलो धरली आहे. अमेरिकेत ४.७ किलो, भारतात ०.२३ किलो. सिएटलच्या परिसरात पहिल्या पावसानंतर ओढ्यांतील कोहो सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच तडफडून मरत. त्याचे कोडे वर्षानुवर्षे सुटत नव्हते. २०२० साली वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी कारण शोधले. टायराला तडे जाऊ नयेत म्हणून घातले जाणारे ६पीपीडी हे रसायन हवेतील ओझोनशी संयोग पावून जे विष बनते, ते या माशांना मारत होते. त्या माशांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या तीन आदिवासी जमातींनी २०२३ साली सरकारी पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला आणि तो त्याच वर्षी दाखल करून घेतला गेला. त्या मच्छीमारांपैकी कितीजण एसयूव्ही उडवीत असतील?

धुळीपलीकडे उरतो तो दहा-बारा किलोंचा सांगाडा. वरचा थर जितका अल्पायुषी, तितके सांगाडे जास्त. ट्रकच्या टायरावर नवा थर चढवून तो पुन्हा वापरतात. अतिवेगाच्या मोटारीचा टायर सहसा थेट भंगारात जातो. युरोपातील असे भंगार जहाजांतून भारतात येते. त्यातील काही पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यात भट्ट्यांत तापवून त्याचे तेल काढले जाते. २०२५ च्या जानेवारीत वाड्यातील अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन दोन स्त्रिया आणि दोन मुले मृत्युमुखी पडली. टायर लवकर झिजण्याची ही किंमत कोणत्याही शोरूमच्या पावतीवर लिहिलेली नसते.

भारतात २०२३-२४ साली विकल्या गेलेल्या सुमारे ४२ लाख प्रवासी गाड्यांपैकी २५ लाख 'युटिलिटी' वर्गातल्या होत्या. त्यातील बहुतेक लहान आहेत, हे मान्य. परंतु उंची, रुंद टायर आणि मोठी चाके यांची हौस वरून खाली झिरपत आली आहे. सरकारने तिला आळा घालण्याऐवजी २०२५ च्या सप्टेंबरात मोठ्या एसयूव्हींवरील एकूण कर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणला. टायरांसाठी २०२२ साली जे नियम झाले, त्यांत तीन गोष्टी मोजण्याची सक्ती आहे: लोळताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. टायर किती टिकेल, हा प्रश्न तेवढा विचारलेला नाही. एस. टी. महामंडळ आपल्या टायरांच्या किलोमीटरांचा हिशेब ठेवते आणि स्वतःच्या पुनःस्तरण प्रकल्पांत त्यांवर नवा थर चढवते. जे सार्वजनिक उपक्रमाला जमते, ते खाजगी उत्पादकाला जमत नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे.

तेव्हा चौथ्या मोजमापाची, म्हणजे झिजेची सक्ती करावी, ही मागणी टॅक्सी, रिक्षा आणि मालवाहतूक कामगारांच्या संघटनांनी हाती घ्यावयास हवी. ज्यांच्या दिवसाच्या कमाईतून टायराचा खर्च वजा होतो, त्यांचाच हा प्रश्न आहे. पद्धत नव्याने शोधावयाची नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या 'युरो ७' नियमांनी टायराच्या झिजेवर प्रथमच मर्यादा घातली असून मोटारींच्या टायरांना ती २०२८ पासून टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे. भारतातील कारखाने युरोपात टायर पाठवतात. तेथे जाणाऱ्या टायराची झीज त्यांना मोजावीच लागेल, आणि त्याच कारखान्यातून पुण्या-नाशकाच्या दुकानात येणारा टायर मात्र न मोजताच विकला जाईल.