पैठणी परदेशात पाठवली, हे सिद्ध कसं करणार?

'पार्सल मिळालंच नाही,' असा परदेशी ग्राहकाचा मेल आला की बहुतेक विक्रेते पोस्टाची पावती पुढे करतात. पण पावती इतकंच सांगते, की अमुक वजनाचं पार्सल अमुक दिवशी काउंटरवर स्वीकारलं. ते पोहोचलं का आणि आत नेमकं काय होतं, हे तिच्यावरून कळत नाही. वाद मात्र याच दोन प्रश्नांवर होतो.

समजा, येवल्याहून न्यू जर्सीला ८० हजार रुपयांची पैठणी गेली आणि पैसे पेपालवर आले. पेपालचं विक्रेता संरक्षण हवं असेल तर ट्रॅकिंगमध्ये पार्सल पोहोचल्याची नोंद, तारीख आणि ग्राहकाचं किमान शहर किंवा पिनकोड दिसायला हवा. रक्कम ७५० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याची सहीही लागते. ही पैठणी त्या मर्यादेच्या वर जाते. त्यामुळे सही न घेणारी स्वस्त सेवा निवडली तर वाचलेले काहीशे रुपये फार महागात पडू शकतात.

आंतरराष्ट्रीय ट्रॅकिंग क्रमांक १३ चिन्हांचा असतो : दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी देशाचा कोड, भारतासाठी 'आयएन'. नववा अंक आधीच्या आठ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. म्हणून एखादा आकडा चुकला तर यंत्रणेच्या लगेच लक्षात येतं. तोच क्रमांक परदेशातल्या टपाल खात्याच्या साइटवरही टाकून बघावा. तिकडची नोंद अनेकदा जास्त तपशिलाची असते.

आत काय होतं, याचा पुरावा खरा कमकुवत असतो. पॅकिंगचा व्हिडिओ, काट्यावरचं वजन आणि पावतीवरचं वजन जुळलं तर बाजू भक्कम होते. त्याहून वजनदार कागद म्हणजे पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट. २०२२च्या नियमांनुसार ते डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतं आणि त्यात वस्तूचं वर्णन व किंमत कस्टम्सकडे नोंदली जाते.

पण काही ग्राहक ड्युटी वाचवायला 'गिफ्ट लिहा, किंमत २० डॉलर टाका' म्हणतात आणि विक्रेते ऐकतातही. अशी ऑर्डर सोडलेली बरी. खोटी किंमत लिहिणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं की ८० हजारांचा दावा करताना विक्रेत्याचाच २० डॉलरचा कागद त्याच्याविरुद्ध उभा राहतो.

पावती थर्मल कागदावरची असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा, कारण अक्षरं पुसट होतात आणि पेपालवर ग्राहक पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. टपालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पार्सलची चौकशी मागण्याची मुदतही पोस्टात टाकल्यापासून सहा महिन्यांचीच आहे. ग्राहकाने शेवटच्या आठवड्यात तक्रार केली, तर विक्रेत्याच्या हाती जेमतेम काही दिवस उरतात. त्यामुळे ट्रॅकिंग महिनाभर एकाच जागी अडकलं की ग्राहकाच्या मेलची वाट न पाहता पोस्टात चौकशी अर्ज द्यावा.