आधी हिशेब, मग सामने



लॅक्रॉस हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. टोकाला जाळीची झोळी असलेली काठी हातात घ्यायची, त्या झोळीत रबराचा छोटा चेंडू झेलायचा, पळता पळता तो सोबत्याकडे भिरकवायचा आणि संधी मिळताच सहा फूट उंच व सहा फूट रुंद अशा गोलात मारायचा, असा हा खेळ आहे. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी तो युरोपीय लोक तेथे पोचण्यापूर्वीपासून खेळत असत. माँट्रिअलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ मध्ये त्याला लेखी नियम घालून दिले. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिक सामन्यांत तो खेळला गेला होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा सहा-सहा खेळाडूंचा प्रकार घ्यावा, असे २०२३ मध्ये ठरले.

पण आज मला खेळाविषयी लिहायचे नाही. तो खेळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हिशेबाच्या वहीविषयी लिहायचे आहे. त्या वहीत तुमच्या पाठ्यपुस्तकातले बरेचसे गणित दडलेले आहे, आणि ते चुकले तर त्याचा भुर्दंड कोणाला तरी सोसावा लागतो.

दोन प्रकारचे संघ

अमेरिकेतील महाविद्यालयांत दोन प्रकारचे संघ असतात. एक म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत संघ. त्याच्या प्रवासाचा आणि प्रशिक्षकांचा खर्च विद्यापीठाचा क्रीडा विभाग करतो. दुसरा म्हणजे क्लबचा संघ. तो विद्यार्थीच चालवतात. अध्यक्ष विद्यार्थी, खजिनदार विद्यार्थी. विद्यापीठाकडून थोडीफार मदत मिळाली तर मिळते. बाकी मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन, बस आणि मुक्काम या सर्वांचे पैसे खेळाडूंच्या वर्गणीतून उभे करावे लागतात. अशा क्लबांची राष्ट्रीय संघटनाही आहे. तिचे विभाग आहेत, विभागवार सामने होतात आणि मे महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा भरते.

बहुतेक क्लबांची रीत अशी असते, की आधी सामने ठरवायचे, मग त्यांचा खर्च काढायचा आणि शेवटी त्याला खेळाडूंच्या संख्येने भागून वर्गणी जाहीर करायची. माझे म्हणणे असे, की ही रीत उलटी आहे. वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ही दोन कामे नाहीतच. ती एकाच कागदावर, एकाच वेळी आणि वर्गणी भरणाऱ्या सर्वांसमोर झाली पाहिजेत. असे का, ते पाहू या.

सहा संघांची साखळी

समजा क, ख, ग, घ, च, छ असे सहा संघ आहेत आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे आहे. एकूण सामने किती? प्रत्येक संघाचे पाच, म्हणून सहा पाचे तीस. पण 'क विरुद्ध ख' आणि 'ख विरुद्ध क' हा एकच सामना. म्हणून निम्मे, म्हणजे पंधरा. आठवड्याला तीन सामने धरले, तर पाच आठवडे लागतील.

जोड्या लावायची युक्ती सोपी आहे. वरच्या ओळीत क, ख, ग लिहा. त्यांच्याखाली अनुक्रमे छ, च, घ लिहा. वरखाली आलेल्यांचा सामना. पुढच्या आठवड्यात क ला जागेवरच ठेवा आणि बाकीच्या पाच जणांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक घर सरकवा. आता वर क, छ, ख आणि खाली च, घ, ग असे येतील. असे पाच आठवडे करा. एकही जोडी सुटणार नाही आणि एकही दोनदा येणार नाही. कागदावर करून पाहाच.

इथपर्यंत सारे सुरळीत झाले. पण सामना कोणाच्या गावी? न्याय असा, की एक आठवडा आपल्या गावी, पुढचा परगावी, असे आळीपाळीने व्हावे. सर्व सहा संघांना असे आळीपाळीचे वेळापत्रक देता येईल काय?

येणार नाही, आणि त्याचे कारण तुम्हालाही सांगता येईल. आळीपाळीचे प्रकार दोनच: एक 'घरी' ने सुरू होणारा, दुसरा 'बाहेर' ने सुरू होणारा. ज्या दोन संघांचा प्रकार सारखा, ते नेहमी एकाच वेळी घरी आणि एकाच वेळी बाहेर असणार. मग त्या दोघांचा सामना होणार कसा? सामन्यात एक घरचा आणि एक पाहुणा लागतो. म्हणून प्रत्येक प्रकाराचा फार तर एकच संघ असू शकतो. सहांपैकी निदान चार संघांना कधीतरी लागोपाठ दोनदा घरी किंवा लागोपाठ दोनदा बाहेर खेळावेच लागते. संघांची संख्या सम असेल, तर असा खंड निदान 'संघसंख्या वजा दोन' इतक्या वेळा पडतोच आणि तेवढ्यात भागवताही येते, हे स्वित्झर्लंडमधील गणिती डॉमिनिक द वेरा यांनी १९८१ च्या सुमारास दाखवून दिले.

म्हणजे सर्वांना संपूर्ण समान असे वेळापत्रक अस्तित्वातच नाही. गैरसोय कोणाच्या तरी वाट्याला येणारच. ती कोणाच्या आणि कधी, एवढेच ठरवणे माणसाच्या हाती राहते. जे गणिताने टाळता येत नाही, ते निदान उघडपणे वाटून घ्यावे. यंदा ज्यांना त्रास झाला, त्यांना पुढील वर्षी सवलत द्यावी. हे बंद दाराआड ठरले, तर कुरकुर होणारच.

डोंगरापलीकडचा सामना

आता नकाशा उघडा. कोलोरॅडो राज्यात बोल्डर आणि फोर्ट कॉलिन्स ही दोन विद्यापीठांची शहरे एकमेकांपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहेत. रॉकी पर्वताच्या पलीकडे युटा राज्यात प्रोव्हो आणि ऑरेम ही शेजारी शेजारी वसलेली विद्यापीठांची गावे आहेत. या चारही ठिकाणच्या क्लब संघांचे सामने एकाच विभागात झालेले आहेत. बोल्डर ते प्रोव्हो हे अंतर रस्त्याने सुमारे ८०० किलोमीटर. नेहमीचा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. लॅक्रॉसचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, आणि तेव्हा तेथे बर्फ असतो.

आणखी अटी पाहा. अमेरिकेच्या नियमानुसार प्रवासी बसच्या चालकाला सलग आठ तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त १० तास गाडी चालवता येते. एका दिशेच्या प्रवासातच त्यांतले बहुतेक तास संपतात. म्हणजे सामना संपवून त्याच चालकाने त्याच रात्री परत निघणे शक्य नाही. मुक्काम आला, त्याचा खर्च आला. प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे संघ धार्मिक कारणाने रविवारी खेळत नाहीत. आठवड्यातील इतर दिवशी वर्ग असतात. उरले काय, तर शुक्रवार आणि शनिवार.

येथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील दहा विद्यापीठांच्या 'पॅक-टेन' या गटाने बास्केटबॉलसाठी जवळजवळच्या विद्यापीठांच्या जोड्या केल्या होत्या. एका प्रवासात एका जोडीतील दोघांशीही खेळून यायचे. तोच उपाय येथे करा. शुक्रवारी बोल्डर ऑरेमशी खेळेल आणि फोर्ट कॉलिन्स प्रोव्होशी. शनिवारी अदलाबदल. चार सामने, पण प्रत्येक पाहुण्या संघाचा प्रवास एकच. १,६०० किलोमीटरच्या दोन फेऱ्यांऐवजी एक फेरी!

भागाकारातली मेख

आता पैशांकडे वळू. पुढील आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, कोणा एका क्लबाचे नाहीत. समजा बस, मैदान, पंच, प्रशिक्षक आणि विभागाचे शुल्क मिळून वर्षाला ३६,००० डॉलर लागतात. खेळाडू वीस असोत की तीस, हा खर्च बदलत नाही. त्याला स्थिर खर्च म्हणू. याशिवाय मुक्काम, जेवण, विमा आणि गणवेश यांसाठी माणशी ६०० डॉलर लागतात.

खजिनदाराने तीस खेळाडू धरले. ३६,००० भागिले ३० म्हणजे १,२००, अधिक ६००. वर्गणी झाली १,८०० डॉलर. पण आकडा ऐकून सहा जणांनी नाव काढून घेतले. उरले चोवीस. त्यांच्याकडून आले ४३,२०० डॉलर. खर्च मात्र ३६,००० अधिक १४,४००, म्हणजे ५०,४०० डॉलर. तूट ७,२०० डॉलरची.

ही तूट भरायला वर्गणी २,१०० केली, तर आणखी चौघे जातील. वीसच उरले, तर २,४०० करावी लागेल. मग आणखी काही जातील. दरीकडे घरंगळणाऱ्या दगडासारखी ही गती आहे: माणसे घटतात म्हणून वर्गणी वाढते, आणि वर्गणी वाढते म्हणून माणसे घटतात. आणि प्रत्येक वेळी जातात कोण? ज्यांना खेळ येत नाही ते नव्हेत, ज्यांना पैसे परवडत नाहीत ते. सुटीत काम करून शिक्षणाचा खर्च भागवणारी मुले सर्वांत आधी गळतात. भागाकार साधा दिसतो, पण संघात कोण राहणार हे तोच ठरवतो.

आता दोन फेऱ्यांची एक केल्याने स्थिर खर्चातून ९,००० डॉलर वाचले, असे धरा. उरले २७,०००. खेळाडू तीस न धरता सावधपणे चोवीसच धरा. २७,००० भागिले २४ म्हणजे १,१२५, अधिक ६००, एकूण १,७२५. पहिल्या वर्गणीपेक्षाही कमी! मग कदाचित ते सहा जण जाणारच नाहीत. वेळापत्रकाच्या कागदावरील एका अदलाबदलीने हे घडले. म्हणूनच मी म्हणतो, की ती दोन कामे निराळी नाहीत.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, लागोपाठ दोन दिवस खेळून खेळाडू थकतील. खरे आहे. पण चौघांच्या योजनेत चारही संघ सारखेच थकतात. कोणी म्हणेल, दूरच्या बलाढ्य संघांशी खेळल्याशिवाय क्रमवारीत वर जाता येत नाही, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या काही जागा क्रमवारीवरच मिळतात. हाही मुद्दा वजनदार आहे. पण तो कोणाच्या खिशातून पुरा करायचा, हे ज्यांच्या खिशातून जायचे आहे त्यांनाच ठरवू द्या. दूरच्या एका सामन्यामुळे वर्गणी किती वाढेल, हा आकडा त्या सामन्यासमोर लिहा आणि मग हात वर करायला सांगा.

काही जण म्हणतील, हे सारे संगणकावर सोपवा. संगणक जरूर वापरावा, पण हे काम त्यालाही सोपे नाही. दहा गावांना भेट देण्याचे क्रमच ३६,२८,८०० होतात. सामने आणि प्रवास यांचा एकत्रित प्रश्न ईस्टन, नेमहाउजर आणि ट्रिक या तिघांनी २००१ मध्ये मांडला. अवघ्या दहा संघांचा नमुनाही पुढे कित्येक वर्षे संगणकांना दाद देत नव्हता. अमेरिकेतील बेसबॉलच्या मोठ्या साखळीचे वेळापत्रक १९८२ पासून वीसहून अधिक वर्षे हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे दांपत्य करीत असे. त्यांच्याजवळही संगणक होता, पण शेवटचा निर्णय ते स्वतः घेत. किलोमीटर संगणक मोजील, न्याय कशाला म्हणायचे ते आपण सांगावे लागते.

एका बचतीला मात्र माझा ठाम विरोध आहे. मुक्काम टाळण्यासाठी दमलेल्या विद्यार्थ्यांनीच स्वतःच्या मोटारी रात्रभर घाटातून हाकत परत यायचे, ही ती बचत. बसचालकाला दहा तासांची मर्यादा का घातली आहे? झोपेला परवाना दिसत नाही, म्हणून. जो नियम पगारी चालकाला लागू, तो विद्यार्थ्याने स्वतःला लावून घ्यावा. तेवढे पैसे नसतील, तर तो सामनाच वेळापत्रकातून काढावा.

तेव्हा खजिनदाराने चार गोष्टी कराव्यात. येतील अशी आशा आहे ते खेळाडू मोजू नयेत, ज्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे तेच मोजावेत. प्रत्येक सामन्यासमोर त्याचा माणशी खर्च लिहावा. बर्फामुळे सामना पुढे गेला तर उपयोगी पडेल असा एक शनिवार रिकामा ठेवावा आणि एकूण खर्चाचा दहावा हिस्सा राखून ठेवावा. आणि हा कागद सूचनाफलकावर लावावा, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याला वेळीच तोंड उघडता येईल.

कबड्डीचा संघ असो की शाळेची सहल, भागाकार हाच असतो. पुढच्या वेळी वर्गात सहलीची वर्गणी जाहीर होईल, तेव्हा गुरुजींना किंवा बाईंना एक प्रश्न नम्रपणे विचारा: "ही रक्कम किती मुले येतील असे धरून काढली आहे?" उत्तर आले, की वही उघडा आणि त्याहून पाच मुले कमी धरून तोच हिशेब पुन्हा करा.