अठरा होल्स आणि एक नवरा

आमच्या घरी गोल्फ मी खेळते, नवरा खेळत नाही. तो रविवारी सह्याद्रीत चढतो आणि गोल्फला ‘महागडं फिरणं’ म्हणतो. त्यामुळे मॉरिशसचा प्लॅन म्हणजे आमच्याकडे सरळ वाटाघाटीच होत्या. दोघांच्या ऑफिसातून एकाच वेळी मिळालेली सलग सुट्टी वर्षातून एवढीच, सहा रात्रींची. चार राउंड माझे, उरलेलं सगळं तुझं, हा माझा ओपनिंग भाव. त्याने शांतपणे विचारलं, ‘मग मी कोणाबरोबर आलोय?’

प्रश्न चोख होता. अठरा होल्सना चार-साडेचार तास लागतात. त्यात जाणं-येणं, वॉर्म-अप, नंतरचं क्लबहाउस धरा. अर्धा दिवस कुठेच गेला नाही. सौदा दोन राउंडवर तुटला. अट एकच : मी खेळत असताना त्याला हॉटेलच्या लॉबीत बसावं लागता कामा नये.

या अटीनेच कोर्स ठरवले, आणि फार बरे ठरवले. पहिला, पूर्व किनाऱ्याजवळचं इल ओ सेर्फ. म्हणजे हरणांचं बेट. इथला कोर्स बर्नहार्ड लँगरने आखला, 2003 मध्ये सुरू झाला. होडीने जायचं, आणि त्याच बेटावर समुद्रात डुंबायची उत्तम सोय. मी टी-ऑफला, तो पाण्यात. माझे बॉलही पाण्यातच जाणार म्हणा! तिथे खाडी आणि खारफुटीवरून फटके मारायचे असतात. नवे कोरे बॉल घरी ठेवा, जुने डझनाने न्या.

दुसरा राउंड नैर्ऋत्येला, बेल ऑम्ब्रला. इथे हेरिटेजचे दोन कोर्स आहेत. एक 2004 चा ‘ल शातो’, पीटर मॅटकोविचने आखलेला. दुसरा 2023 मध्ये उघडलेला ‘ला रिझर्व्ह’, त्यात मॅटकोविचबरोबर 2010 चा ब्रिटिश ओपन विजेता लुई ओस्टहाउझेनही आहे. मी नवा निवडलाय. त्या सकाळी साहेब ल मोर्नवर. 556 मीटरचा हा डोंगर पळालेल्या गुलामांचा आसरा होता. 2008 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पहाटे निघून चढून-उतरून यायला साधारण माझ्या राउंडइतकाच वेळ. हे जुळलं तेव्हा मला बोनस मिळाल्यासारखं झालं.

व्हाकोआच्या जिमखान्याचा 1844 सालचा कोर्स मात्र सोडला. तिसऱ्या राउंडचं नाव काढलं असतं तर करार मोडला असता.

तारखा सप्टेंबरच्या. मे ते ऑक्टोबर तिथे कोरडा, थंडसर मोसम. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेला वारा इतका की बॉल वळवायला तुमची गरजच नाही. डिसेंबरचे दर बघून मी लॅपटॉप बंद केला. बेट लहान आहे, पण रोज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा कंटाळा येतो, म्हणून तीन रात्री पूर्वेला, तीन नैर्ऋत्येला. व्हिसा आधी काढावा लागत नाही, हे आपलं नशीब.

पॅकेज घेताना ‘गोल्फ इन्क्लुडेड’ या दोन शब्दांवर जाऊ नका. ग्रीन फी धरलीय का? बग्गी? भाड्याच्या क्लब्ज? टी टाइम सकाळचा की दुपारच्या उन्हातला? चारही उत्तरं ई-मेलवर घ्या. पूर्ण गोल्फ बॅग न्यायची तर विमान कंपनी ती वजनात कशी धरते, हे तिकीट काढण्याआधी विचारा. दोन राउंडसाठी मी ती नेत नाहीये. शूज, ग्लोव्ह आणि बॉल, बास.

तिकिटं परवा काढली. बॅगेत आधी त्याचे ट्रेकिंगचे बूट गेलेत. उरलेल्या किलोंत माझे बॉल किती बसतात, ते सध्या चाललंय.