शियामेनची वाट आणि पासपोर्टाची पत

भारत आणि चीन यांच्यात २०२० च्या प्रारंभी खंडित झालेली थेट विमानसेवा २६ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. पहिले विमान कोलकात्याहून ग्वांगझूकडे निघाले. नोव्हेंबरमध्ये दिल्लीहूनही ग्वांगझू आणि शांघाय येथे विमाने जाऊ लागली. त्याआधी जुलै २०२५ मध्ये भारताने चिनी नागरिकांना पर्यटन व्हिसा देणे सुरू केले होते आणि कैलास-मानसरोवर यात्राही पूर्ववत झाली होती. चीनची सहल म्हणजे बीजिंगची भिंत आणि शांघायच्या उत्तुंग इमारती, हे समीकरण भारतीय पर्यटकांच्या मनात पक्के आहे. परंतु ग्वांगझूचे दार उघडल्याने चीनचा दक्षिण किनारा आवाक्यात आला आहे. या किनाऱ्यावरील शियामेन हे शहर पाहण्याजोगे आहेच. शिवाय तेथे जाण्याची आखणी करताना जे प्रश्न उभे राहतात, त्यांतून भारत-चीन संबंधांची आजची अवस्थाही नेमकी कळते.

शियामेन फुजियान प्रांतात, कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस वसले आहे. अमॉय या जुन्या नावाने ते युरोपीय व्यापाऱ्यांना परिचित होते. पहिल्या अफू युद्धातील पराभवानंतर १८४२ मध्ये झालेल्या नानकिंगच्या तहान्वये चीनला जी पाच बंदरे परकीयांना खुली करावी लागली, त्यांत अमॉय होते. समोरच्या गुलांग्यू या जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर परकीयांनी वकिलाती, चर्च आणि बंगले उभारले. मोटारींना बंदी असलेले हे बेट २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाले. दंग शियाओपिंग यांच्या राजवटीत १९८० मध्ये जी पहिली चार विशेष आर्थिक क्षेत्रे निश्चित झाली, त्यांतही शियामेन होते. क्षी जिनपिंग १९८५ ते १९८८ या काळात याच शहराचे उपमहापौर होते. दीड शतकाहून अधिक काळापूर्वी परकीयांनी लादलेला खुलेपणा आणि नंतर स्वेच्छेने स्वीकारलेला खुलेपणा, असा चीनचा दुहेरी अनुभव या एकाच शहरात पाहता येतो.

या परिसराशी भारताचे नातेही जुने आहे. शियामेनहून वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत गाठता येणारे क्वांझू हे मध्ययुगातील जगातील अग्रगण्य बंदरांपैकी एक. तेथे तमिळ व्यापाऱ्यांची वसाहत होती. १२८१ मधील तमिळ आणि चिनी लिपीतील शिलालेख त्याची साक्ष देतो. कायुआन या बौद्ध मंदिरातील काही स्तंभांवर आजही विष्णूच्या कथांची शिल्पे दिसतात; एका पाडलेल्या हिंदू मंदिराचे ते अवशेष आहेत. क्वांझूला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भारतीय पर्यटकाने शियामेनच्या मुक्कामातील एक दिवस क्वांझूसाठी राखून ठेवणे म्हणूनच इष्ट.

सामुद्रधुनीच्या तोंडाशी

शियामेनच्या किनारी रस्त्यावरून समोर किनमेनची बेटे दिसतात. भौगोलिकदृष्ट्या ती शियामेनच्या पदरात असली तरी राज्य तैवानचे आहे. १९५८ मध्ये चीनने या बेटांवर तोफांचा भडिमार केला आणि पुढील दोन दशके कमी-अधिक प्रमाणात तो चालू राहिला. २००१ पासून दोन्ही किनाऱ्यांदरम्यान प्रवासी बोटी सुरू झाल्या. सुमारे अर्ध्या तासाचा हा प्रवास सोपा वाटतो, पण भारतीय पर्यटकासाठी तो दोन वेगळ्या राजवटींमधील प्रवास ठरतो. तैवानची स्वतंत्र प्रवेश परवानगी लागते आणि परत शियामेनला यायचे तर चीनचा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा हाती असावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तैवानच्या तटरक्षक दलाने पाठलाग केल्यावर बोट उलटून दोन चिनी नागरिकांचा मृत्यू झाला, तेव्हापासून या पाण्यात चिनी गस्तीनौकांचा वावर वाढला आहे. पर्यटकांची वर्दळ त्याने थांबलेली नसली, तरी या टापूतील शांतता गृहीत धरता येत नाही.

पर्यटनाचा राजकीय वापर करण्यात चीनने कधी संकोच केलेला नाही. क्षेपणास्त्रभेदी यंत्रणेच्या वादात २०१७ मध्ये दक्षिण कोरियाला जाणाऱ्या सहली बंद पाडण्यात आल्या. ऑगस्ट २०१९ पासून चिनी नागरिकांना तैवानला वैयक्तिक सहलीसाठी जाण्याचे परवाने थांबवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या पंतप्रधान साने ताकाइची यांच्या तैवानविषयक विधानानंतर बीजिंगने आपल्या नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला. पर्यटक हे परराष्ट्र धोरणाचे साधन मानणाऱ्या देशाशी व्यवहार करताना, उघडलेले दार पुन्हा लोटले जाऊ शकते, याचे भान ठेवावे लागते.

समान वागणुकीचा प्रश्न

भारताच्या बाबतीत हा मुद्दा अधिक नाजूक आहे. पन्नासहून अधिक देशांच्या नागरिकांना चीनमधून तिसऱ्या देशात जाताना २४० तास व्हिसाविना राहता येते आणि ही सवलत मिळणाऱ्या बंदरांत शियामेनही आहे. त्या यादीत भारत नाही. भारतीयाला रीतसर अर्ज करूनच व्हिसा घ्यावा लागतो. त्याहून गंभीर प्रश्न अरुणाचल प्रदेशातील नागरिकांचा आहे. त्यांना पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळ्या कागदावर व्हिसा टाचून देण्याची खोड चीनने सोडलेली नाही. जुलै २०२३ मध्ये चेंगडू येथील विद्यापीठ क्रीडा स्पर्धेच्या वेळी तेथील वुशू खेळाडूंना असाच व्हिसा मिळाला, तेव्हा भारताने तो संघच पाठवला नाही. त्याच वर्षी हांगझू आशियाई स्पर्धेलाही अरुणाचलचे तीन वुशू खेळाडू मुकले आणि तत्कालीन क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांनी निषेध म्हणून दौरा रद्द केला.

थेट विमानसेवा सुरू होऊन महिना उलटण्याआधीच, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, जपानला निघालेल्या अरुणाचलच्या एका महिलेला शांघाय विमानतळावर रोखण्यात आले. जन्मस्थान अरुणाचल असल्याने पासपोर्ट अवैध ठरवून सुमारे अठरा तास अडकवून ठेवल्याचा आरोप तिने केला. चीनने छळ झाल्याचे नाकारले, मात्र अरुणाचलवरील आपला दावा पुन्हा मांडला. भारताने तीव्र निषेध नोंदवला आणि चीनला जाताना किंवा तेथून पुढे जाताना योग्य ती सावधगिरी बाळगण्याचा सल्ला परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबरमध्ये नागरिकांना दिला. मुंबई-पुण्याच्या पर्यटकाला या अडचणीची झळ लागण्याची शक्यता कमी. तथापि एकाच पासपोर्टाची पत धारकाच्या जन्मगावावरून ठरत असेल, तर तो केवळ अरुणाचलचा प्रश्न उरत नाही. विमानांची संख्या वाढवण्याच्या वाटाघाटींत समान वागणुकीची हमी मागणे, हे भारत सरकारचे कर्तव्य ठरते.

आखणी कशी असावी?

याचा अर्थ शियामेनला जाऊच नये असा नाही. हवामानाच्या दृष्टीने ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबर हा काळ उत्तम. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुटीच्या आठवड्यात गुलांग्यूवर पाय ठेवायला जागा नसते. जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा हंगाम असून, सप्टेंबर २०१६ मधील मेरान्टी वादळाने शहराची मोठी हानी केली होती. ग्वांगझूला उतरून शेनझेनमार्गे वेगवान रेल्वेने शियामेन गाठणे सोयीचे. शेनझेन ते शियामेन अंतर साडेतीन-चार तासांचे आहे. पैशाचे व्यवहार अलीपे किंवा वीचॅटवर चालतात आणि त्यांना परदेशी चलनात चालणारे क्रेडिट कार्ड जोडता येते. हे काम निघण्यापूर्वीच उरकावे. गूगल व व्हॉट्सॲप तेथे बंद असल्याने नकाशे, तिकिटे आणि हॉटेलचा चिनी लिपीतील पत्ता आधीच जवळ ठेवावा. शाकाहारींसाठी नानपुतुओ या बौद्ध मंदिरातील भोजनालय हा मोठा आधार. तिकिटे आणि हॉटेलची नोंदणी मात्र रद्द करता येण्याजोगीच घ्यावी.

सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिक्स परिषद शियामेनलाच भरली होती. डोकलामचा तिढा सुटून आठवडा झाला होता आणि परिषदेच्या जाहीरनाम्यात लष्कर-ए-तोयबा व जैश-ए-महंमद यांचा नामोल्लेख झाल्याने भारतात समाधान व्यक्त झाले. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच गलवान घडले आणि वीस भारतीय जवान हुतात्मा झाले. ऑक्टोबर २०२४ मधील गस्तीविषयक समझोत्याने आणि ऑगस्ट २०२५ मधील पंतप्रधानांच्या तिआनजिन भेटीने संबंधांची गाडी पुन्हा रुळावर आली असली, तरी सीमेवरील सैन्याची मोठी जमवाजमव अद्याप मागे गेलेली नाही. पर्यटकांची ये-जा वाढल्याने परस्परांविषयीचे अज्ञान काही अंशी कमी होईल आणि ते स्वागतार्हच आहे. सीमेवरचा विश्वास मात्र उभय सरकारांनाच परत मिळवावा लागेल.